मेजर गिल आणि कलेतिहासाचा निवाडा

अजिंठ्याची चित्रे आज जगाच्या कलेतिहासात मानाच्या स्थानी आहेत. हे स्थान त्यांना केवळ गुणांच्या बळावर लाभले, असा सार्वत्रिक समज आहे. मेजर रॉबर्ट गिल यांचे चरित्र पाहता तो पुरता खरा ठरत नाही.

१८१९ मध्ये लेण्यांचा पुन्हा शोध लागला, तरी ती दूर डोंगरात होती. तेथील चित्रे युरोपातील विद्वानांपुढे नेणे प्रतिकृतींवाचून शक्य नव्हते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे काम मद्रास फौजेतील गिल यांच्याकडे सोपविले. १८०४ साली जन्मलेला हा अधिकारी पुढे वर्षानुवर्षे अजिंठ्यास राहिला. अंधाऱ्या लेण्यांत त्याने मोठमोठी तैलचित्रे सिद्ध केली आणि ती लंडनला रवाना झाली. परंतु १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेली चित्रे भस्मसात झाली. मोजकीच वाचली. १८७९ मध्ये गिल निवर्तले. भुसावळला त्यांचे दफन झाले.

त्यांच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह तेथे गेले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ च्या आगीत जळाल्या; परंतु १८९६-९७ मध्ये त्यांचे दोन सचित्र खंड निघाले आणि नाव ग्रंथालयांत टिकले. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत आलेले नंदलाल बोस शांतिनिकेतनात आचार्य झाले. त्यांची परंपरा शिष्यांनी चालविली. गिल यांच्यापाशी ना आपल्या तैलचित्रांचा छापील खंड होता, ना शिष्यपरिवार.

प्रतिकृती म्हणजे स्वतंत्र निर्मिती नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र मूळ भिंतींवरील रंग उत्तरोत्तर झिजत गेल्याने जुनी प्रतिकृती हाच पुष्कळदा पुरावा उरतो, हेही विसरता येत नाही.

लोकस्मृतीने गिल यांना वेगळा न्याय दिला. अजिंठा गावातील पारोच्या १८५६ च्या समाधीमुळे आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे ते मराठी मनात प्रियकर म्हणून जिवंत राहिले. चित्रकाराचे दीर्घ परिश्रम मात्र उपेक्षितच राहिले.

कलेतिहासातील मानाची यादी अशी घडते. काय जतन झाले, काय छापले गेले आणि वर्गात काय शिकविले गेले, यांवर तिचा निवाडा अवलंबून असतो. बिडकीन-पैठणकडील विद्यार्थ्यांची सहल अजिंठ्याला जाईल तेव्हा शिक्षकांनी पद्मपाणीबरोबरच जळालेल्या त्या चित्रांचीही कथा सांगावी. मूळ चित्रकारांची नावे काळाने नेली. निदान त्यांच्या पहिल्या सेवकांपैकी एकाचे नाव तरी हरवू नये.