ताम्रपटांतून वंशावळ जुळविणारे मिराशी

ग्रामदानाचे ताम्रपट हक्काचा पुरावा म्हणून दान घेणाऱ्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या जपले जात. त्यांच्या आरंभी दात्या राजाचे पूर्वजही क्रमाने नोंदलेले असत. विदर्भातील वाकाटकांची विस्मृत वंशावळ महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी बव्हंशी अशाच लेखांवरून जुळविली. १८९३ साली कोकणातील कुवळे येथे जन्मलेले मिराशी संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि नागपूरकरच झाले.

वाशिम येथे १९३९ साली मिळालेल्या ताम्रपटाने पेच निर्माण केला. त्यात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र म्हणून सर्वसेनाचे नाव होते. ज्ञात वंशावळीत ते नव्हतेच. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला शिलालेख पुन्हा तपासला. पूर्वीच्या अभ्यासकांनी जेथे दुसरेच नाव वाचले होते, तेथेही सर्वसेनच निघाला! राजघराण्याची अख्खी शाखा चार पुसट अक्षरांत दडलेली असावी, हे कादंबरीकारालाही सुचले नसते. नंदिवर्धनच्या शाखेहून वेगळी अशी वत्सगुल्मची, म्हणजे वाशिमची, शाखा त्यामुळे निश्चित झाली.

वाकाटकांच्या लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मिराशी सत्तरीचे होते. १९८५ साली त्यांचे निधन झाले.