रॉबर्ट फिट्झरॉय

रॉबर्ट फिट्झरॉय (५ जुलै, इ.स. १८०५ : अँप्टन, सफोक, इंग्लंड - ३० एप्रिल, इ.स. १८६५ : अपर नॉरवुड, इंग्लंड) हे ब्रिटिश नौदलातील अधिकारी, सागरी सर्वेक्षक व हवामानशास्त्रज्ञ होते. चार्ल्स डार्विन यांनी ज्या बीगल जहाजातून जगप्रवास केला, त्याचे कप्तान म्हणून ते प्रामुख्याने ओळखले जातात. तथापि वृत्तपत्रात रोज छापला जाणारा हवामानाचा अंदाज आणि बंदरावर चढवला जाणारा वादळाचा इशारा या दोन्ही गोष्टी ब्रिटनमध्ये त्यांनीच सुरू केल्या. सर्वसामान्यांच्या दृष्टीने ही कामगिरी त्या प्रवासाहून लहान नव्हे.

सुरुवातीचे जीवन

फिट्झरॉय यांचा जन्म उमराव घराण्यात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी ते पोर्ट्समथच्या नाविक विद्यालयात दाखल झाले. इ.स. १८२८ मध्ये बीगलच्या आधीच्या कप्तानाने आत्महत्या केल्यानंतर त्या जहाजाची सूत्रे तेवीस वर्षांच्या फिट्झरॉय यांच्याकडे आली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८२९ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर माल्डोनाडोजवळ त्या प्रदेशातील पांपेरो नावाच्या वादळाने बीगलला गाठले. जहाज उलटता उलटता वाचले, पण दोन खलाशी बुडाले. बॅरोमीटरचा पारा आणि आकाश या दोहोंनी आधी सूचना दिलेली होती. तिच्याकडे पुरेसे लक्ष न दिल्याची खंत त्यांच्या मनात राहिली. त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज या प्रसंगात शोधले जाते, ते अयोग्य वाटत नाही.

डार्विनसह केलेली दुसरी सफर इ.स. १८३१ ते १८३६ अशी चालली. पुढे ते ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले आणि इ.स. १८४३ ते १८४५ या काळात न्यू झीलंडचे गव्हर्नर होते. त्या पदावरून त्यांना परत बोलावण्यात आले.

बॅरोमीटर आणि परंपरागत आडाखे

इ.स. १८५४ मध्ये व्यापार मंडळाच्या अखत्यारीत हवामान विभाग स्थापन झाला व फिट्झरॉय त्याचे प्रमुख झाले. जहाजांकडून समुद्रावरील वाऱ्यांच्या नोंदी मिळवून त्यांचे तक्ते करणे, एवढेच या विभागाचे काम होते. फिट्झरॉय यांना ते पुरेसे वाटले नाही. गरीब मच्छीमार वस्त्यांच्या धक्क्यावर, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी, त्यांनी बॅरोमीटर बसवण्यास सुरुवात केली.

यंत्रासोबत त्यांनी एक मार्गदर्शक पुस्तिकाही तयार केली. बॅरोमीटरच्या तबकडीवर पाऊस, बदल, स्वच्छ असे शब्द कोरलेले असत व लोक तेवढेच वाचून निर्धास्त होत. पारा कोणत्या शब्दापाशी आहे याला फारसा अर्थ नाही, तो चढतो आहे की उतरतो आहे आणि किती वेगाने, हे पाहावे असे त्यांनी समजावून दिले. पुस्तिकेचा दुसरा भाग अधिक लक्षणीय आहे. त्यात नावाड्यांचे पिढीजात आडाखे आदराने नोंदवले आहेत: सूर्यास्ताची गुलाबी आभा उघडिपीची, तर सकाळची लाली वाऱ्यापावसाची, मऊ कडांचे ढग शुभ, कठीण कडांचे तेलकट ढग वाऱ्याचे, समुद्रपक्षी पहाटे दूरवर गेले तर हवा चांगली, किनाऱ्यालगत घुटमळले तर वादळ. दूरचे डोंगर एकाएकी जवळ व स्पष्ट दिसू लागणे हेही पावसाचे लक्षण मानले आहे. यंत्र आले म्हणून आकाशाकडे पाहणे सोडावे, असे त्यांचे मत नव्हते. चंद्रकलांवरून हवामान वर्तवणाऱ्यांना मात्र त्यांनी थारा दिला नाही.

वादळाचे इशारे व दैनिक अंदाज

ऑक्टोबर १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून सोने व प्रवासी घेऊन येणारे रॉयल चार्टर हे जहाज वेल्समधील अँगलसीच्या खडकांवर आपटून फुटले. सुमारे साडेचारशे माणसे मरण पावली. लिव्हरपूल बंदर काही तासांच्या अंतरावर होते. त्या वादळाच्या नोंदी जमवून फिट्झरॉय यांनी दाखवले की, ठिकठिकाणची निरीक्षणे तारायंत्राने एकत्र आली असती तर त्याची चाहूल आधी लागू शकली असती. तार वाऱ्याहून वेगाने धावते, हेच या योजनेचे मर्म होते.

इ.स. १८६० पासून किनाऱ्यावरील केंद्रांकडून रोज सकाळी लंडनला तारा येऊ लागल्या आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिला इशारा दिला गेला. इशाऱ्यासाठी डोलकाठीवर कापडी शंकू व पिंप चढवत. शंकूचे टोक वर असेल तर उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून वादळ संभवते. रात्री त्यांच्या जागी कंदील लावत. कोकणातील मच्छीमारांना परिचित असलेला बंदरावरचा बावटा याच जातीचा आहे.

१ ऑगस्ट, इ.स. १८६१ रोजी लंडनच्या द टाइम्समध्ये पहिला दैनिक अंदाज प्रसिद्ध झाला. भाकीत किंवा भविष्य हे शब्द टाळून फिट्झरॉय यांनी अंदाज या अर्थाचा शब्द हेतुपुरस्सर निवडला होता. वाचकांनी हा भेद फारसा ध्यानी घेतला नाही. समुद्रपर्यटनास निघण्यापूर्वी राणी व्हिक्टोरियादेखील त्यांच्याकडे विचारणा करीत असे.

टीका आणि मृत्यू

अंदाज चुकला की वृत्तपत्रे थट्टा करीत. द टाइम्सही त्यात मागे नव्हता. शास्त्रज्ञांना या पद्धतीमागे सिद्धांत दिसत नव्हता, तर संसदेत तारांच्या खर्चावर आक्षेप निघत. इशाऱ्यामुळे नावा धक्क्यालाच राहतात, अशी काही नावमालकांची तक्रार होती. ही तक्रार म्हणजे इशारे पाळले जात असल्याचा पुरावाच म्हणावा लागेल. ढासळती प्रकृती, कमी होत चाललेली ऐकण्याची शक्ती, नैराश्य आणि कर्ज यांनी खचलेल्या फिट्झरॉय यांनी ३० एप्रिल, इ.स. १८६५ रोजी राहत्या घरी आत्महत्या केली. सार्वजनिक कार्यात त्यांनी स्वतःची बहुतेक संपत्ती खर्च केली होती. कुटुंबासाठी पुढे वर्गणी गोळा करण्यात आली.

मृत्यूनंतर

फ्रान्सिस गॉल्टन यांच्या समितीने इ.स. १८६६ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला. दैनिक अंदाज आधीच बंद पडले होते; त्या डिसेंबरात वादळाचे इशारेही थांबवण्यात आले. त्यावर बंदरांतून व किनाऱ्यावरच्या लोकांकडून इतकी मागणी झाली की सुमारे वर्षभरात इशारे पुन्हा सुरू करावे लागले. विद्वानांना न पटलेली गोष्ट, जिवावर उदार होऊन समुद्रात जाणाऱ्यांना हवी होती. वृत्तपत्रांसाठीचे अंदाज मात्र इ.स. १८७९ पर्यंत परतले नाहीत.

पॅटागोनियातील एका शिखराला फिट्झरॉय यांचे नाव आहे. ब्रिटनच्या सागरी हवामानवृत्तात फिनिस्टेर या नावाने सांगितल्या जाणाऱ्या समुद्रक्षेत्राला इ.स. २००२ पासून फिट्झरॉय म्हटले जाते.