सात बाइक, एक अपघात आणि आपलं हेल्मेट : लॉरेन्स ऑफ अरेबियाची वेगळी गोष्ट

बाइकवाल्यांची कंपनीवरून होणारी भांडणं काही नवी नाहीत. बुलेटवाला ड्यूकवाल्याला नावं ठेवतो, ड्यूकवाला बुलेटच्या वजनावर हसतो. पण एकाच कंपनीच्या एकामागोमाग सात बाइक घेऊन आठवीची ऑर्डरही देऊन ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? असा एक माणूस होता, टी. ई. लॉरेन्स. १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहिला असेल तर आठवेल, तो सिनेमा वाळवंटात नाही, बाइकवर सुरू होतो. आज त्याच बाइकची आणि तिच्या मालकाची गोष्ट बघू.

प्रसिद्धीपासून पळणारा हिरो

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमॅडॉगचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी म्हणून तो अरब टोळ्यांबरोबर तुर्की साम्राज्याविरुद्ध लढला. युद्धानंतर १९१९ मध्ये लोवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने लंडनमध्ये त्याच्यावर स्लाइड-शो केले आणि अरबी वेशातला लॉरेन्स घराघरात पोचला. आजच्या भाषेत सांगायचं तर तो व्हायरल झाला.

त्याला मात्र हे झेपलं नाही. १९२२ मध्ये तो खोट्या नावाने ब्रिटिश हवाई दलात अगदी खालच्या हुद्द्यावर भरती झाला. पेपरवाल्यांनी शोधून काढल्यावर तिथून बाहेर पडावं लागलं. मग 'शॉ' हे नाव घेऊन तो रणगाडा दलात गेला आणि १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात आला. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे ब्रफ सुपीरियर बाइक.

१०० मैलांची गॅरंटी

ही कंपनी जॉर्ज ब्रफ यांनी १९१९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये सुरू केली. त्यांच्या वडिलांचीही ब्रफ नावाचीच बाइक कंपनी होती. मुलाने आपल्या गाडीला 'सुपीरियर' म्हटल्यावर वडिलांना ते चांगलंच लागलं, असं सांगतात.

गंमत म्हणजे ब्रफ स्वतः फार कमी पार्ट बनवायचे. इंजिन जे.ए.पी. कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा. त्यांची खासियत होती निवड, जुळणी आणि टेस्टिंग. १९२४ च्या एसएस१०० मॉडेलमध्ये साधारण १००० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन होतं, म्हणजे इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर. ही गाडी ताशी १०० मैल, म्हणजे जवळपास १६० किमी वेग गाठणारच, अशी लेखी गॅरंटी गिऱ्हाइकाला मिळायची. आजच्या ३५० सीसीच्या बऱ्याच बाइक तिथपर्यंत पोचत नाहीत.

एका मोटरसायकल साप्ताहिकाने या गाडीला बाइकमधली रोल्स-रॉइस म्हटलं आणि ब्रफनी ते थेट जाहिरातीत वापरलं. रोल्स-रॉइसची माणसं कारखाना बघायला आली, तर कामगार पांढरे हातमोजे घालून काम करताना दिसले आणि त्यांनी नाव वापरायला हरकत घेतली नाही, असा एक किस्सा आहे. खरा असो वा नसो, ब्रँड कसा घडवतात ते यातून कळतं. १९४० पर्यंत कंपनीने फक्त ३,००० च्या आसपास गाड्या बनवल्या. कमी गाड्या, जास्त किंमत आणि मोठं नाव असं ते गणित होतं.

फॅन की ब्रँड ॲम्बेसेडर?

लॉरेन्स आपल्या बाइकना 'जॉर्ज' म्हणायचा, तेही राजांसारखे क्रमांक लावून : जॉर्ज पहिला, दुसरा, थेट सातव्यापर्यंत. बोआनर्जीस हे त्याचं दुसरं लाडकं नाव होतं, अर्थ मेघगर्जनेचा पुत्र. लिंकनशरच्या रस्त्यावर त्याने एकदा बाइकवरून चक्क लढाऊ विमानाशी शर्यत लावली होती. मध्ये दोन वर्षं त्याची नेमणूक कराची आणि मिरानशाहला होती. जानेवारी १९२९ मध्ये तो मुंबईहून बोटीने मायदेशी परतला, तेव्हा नाटककार बर्नार्ड शॉ, त्यांची पत्नी शार्लट आणि इतर मित्रांनी त्याला नवी ब्रफच भेट दिली.

पण ही निष्ठा आंधळी नव्हती. लॉरेन्सची उंची कमी आणि ब्रफ गिऱ्हाइकाच्या मापाने गाडी बांधून द्यायचे. पाच ब्रफवर मिळून एक लाख मैल झाल्याचं आणि आपण खूश असल्याचं त्याने १९२६ मध्ये ब्रफना पत्राने कळवलं. म्हणजे हा रिव्ह्यू एका दिवसाच्या टेस्ट-राइडवरचा नव्हता. ब्रफनी ते पत्र प्रसिद्धीसाठी वापरलं. नाव लपवत फिरणारा माणूस असा एका ब्रँडचा चेहरा झाला.

मशीनची त्याला खरीच समज होती. १९३१ मध्ये प्लिमथजवळ समुद्रात विमान कोसळताना त्याने पाहिलं आणि मग हवाई दलासाठी वेगवान बचावबोटी तयार करण्याच्या कामात स्वतःला झोकून दिलं.

१३ मे १९३५

हवाई दलातून निवृत्त होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टन छावणीत तार करून लॉरेन्स 'क्लाउड्स हिल' या आपल्या छोट्या घराकडे निघाला. रस्त्याला उतार होता, त्यामुळे पुढची सायकलवरची दोन मुलं दिसली नाहीत. त्यांना वाचवताना बाइक एका सायकलला घासली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला.

एका साक्षीदाराच्या मते वेग ताशी ५०-६० मैल होता. पण बाइक दुसऱ्या गिअरमध्ये सापडली, त्यामुळे वेग बराच कमी असावा असंही मानतात. काहीही धरा, हा १०० मैलांचा अपघात नव्हता. घराजवळचा, रोजचाच रस्ता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस तो कोमात होता. १९ मे ला तो गेला, वय ४६.

डॉक्टरांनी केलेला हिशोब

त्याच्यावरच्या उपचारांत न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आकडे मांडले. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ बाइकस्वार आणि मागे बसणारे दगावले होते. डोक्याची इजा हेच त्यातलं सर्वांत मोठं कारण होतं. केर्न्सना हेल्मेट घातलेले फक्त सात जखमी सापडले आणि ते सातही वाचले होते.

सात म्हणजे अगदीच छोटा डेटा. तरीही नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने बाइकवरून निरोप नेणाऱ्या जवानांना हेल्मेट सक्तीचं केलं. केर्न्स मोजत राहिले आणि १९४६ मध्ये त्यांनी मृत्यू कमी झाल्याचं दाखवलं. सामान्य ब्रिटिश बाइकस्वारांना सक्ती झाली ती १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते.

हेल्मेटचं काम तसं सोपं आहे. बाहेरचं कवच मार एका जागी न ठेवता पसरवतं. आतला थर्मोकोलसारखा फोम चेपतो, त्यामुळे डोकं झटक्यात न थांबता काही मिलिसेकंद जास्त घेऊन थांबतं. मेंदूला बसणारा धक्का तेवढ्याने खूप कमी होतो. फोम एकदाच चेपतो, म्हणून मोठ्या अपघातानंतर हेल्मेट बदलायचं असतं.

मागे काय उरलं?

ब्रफ सुपीरियरचं बाइक उत्पादन १९४० मध्ये बंद पडलं. आता तेच नाव फ्रान्समध्ये पुन्हा सुरू झालंय आणि त्यांच्या एका महागड्या मॉडेलचं नाव आहे 'लॉरेन्स'. मरून इतकी वर्षं झाली तरी तो गाडी विकतोच आहे.

आवडत्या कंपनीचं टी-शर्ट घाला, ग्रुप राइडला जा, टाकीवर स्टिकर लावा. त्यात वाईट काहीच नाही, लॉरेन्सनेही जीव लावलाच होता. फक्त ब्रफच्या गॅरंटीत वेग होता, डोकं नव्हतं, आणि आजच्या ब्रोशरमध्येही तेच आहे. तेव्हा शोरूममध्ये ॲक्सेसरीजवर पैसे घालवण्याआधी आयएसआय मार्क आणि 'आयएस ४१५१' असं लिहिलेलं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट घ्या. मागे बसणाऱ्यासाठीही एक घ्या. आणि अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी पट्टा लावा.