निझामासाठी अंधारात विमानं उतरवणारा सिडनी कॉटन

१७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड, लातूर, धाराशिवपासून बिदर, भालकी, बसवकल्याणपर्यंत तीच नावं पुन्हा ऐकू येतात. स्वामी रामानंद तीर्थ, कासीम रझवी, जनरल चौधरी, एल एद्रूस. या यादीत एक नाव मात्र सहसा येत नाही. तो हैदराबाद संस्थानचा नव्हता, हिंदुस्थानचाही नव्हता. १९४८च्या पावसाळ्यात कराचीहून शस्त्रं भरलेली विमानं रात्रीच्या अंधारात बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत होती, त्यामागचा हा माणूस. सिडनी कॉटन, ऑस्ट्रेलियन वैमानिक.

फ्रेडरिक सिडनी कॉटनचा जन्म १७ जून १८९४चा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा. बापाचा गुराढोरांचा मोठा धंदा, मैलोगणती कुरणं. पोराला शिकायला इंग्लंडला नेलं, पण परत आल्यावर तो गुरांच्या मागेच घोड्यावर फिरला. पहिलं महायुद्ध पेटलं तसा पुन्हा इंग्लंड गाठून १९१५मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात शिरला.

तेव्हाची विमानं उघडी असत. वर गेल्यावर हातपाय बधिर व्हायचे, वैमानिक गारठून अर्धमेले होऊन उतरायचे. एकदा कॉटन इंजिनाचं काम करताना घातलेल्या तेलकट, मळक्या डगल्यातच घाईने उडाला. खाली आल्यावर बाकीचे कुडकुडत होते आणि हा ठणठणीत. तेल आणि ग्रीस मुरलेलं कापड वारा आत येऊ देत नाही आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे त्याने ताडलं. लंडनच्या दुकानातून तीन थरांचा पोशाख शिवून घेतला. आत केसाळ अस्तर, मध्ये हवा न शिरणारं रेशीम, बाहेर चिवट कापड. त्याच्याच नावाची दोन टोकं जोडून त्याला सिडकॉट म्हणू लागले, आणि पुढच्या महायुद्धातही हा पोशाख वैमानिकांच्या अंगावर होता. कॉटनची सगळी बुद्धी याच जातीची. पुस्तकी इंजिनिअर तो नव्हताच. हाताशी असलेल्या वस्तूत काय बदललं की ती भलत्याच कामाला येईल, एवढं त्याला चटकन दिसायचं.

मात्र कुणाच्या हाताखाली राहणं त्याला जमलं नाही. वरिष्ठांशी बिनसलं आणि १९१७मध्येच नोकरी सोडली. १९२०मध्ये इंग्लंड ते केपटाऊन उड्डाणाचा प्रयत्न केला, तो इटलीत विमान आपटून संपला. मग त्याने गाठलं न्यूफाउंडलंड. कॅनडाच्या पूर्वेचं ते बेट हिवाळ्यात बर्फाखाली जातं, तेव्हा रस्ते नाहीत, बंदरं गोठलेली. तिथे त्याने कंपनी काढली. विमानाची चाकं काढून खाली लाकडी पट्ट्या बसवायच्या, गोठलेल्या तळ्यावर उतरायचं, टपाल पोचवायचं, बर्फावर सीलचे कळप कुठे आहेत ते वरून हेरून शिकारी जहाजांना कळवायचं. अशा आडरानी उड्डाणांत विमानतळ नावाची चीज नसते. जिथे सपाट दिसेल तिथे टेकायचं, काळोख पडायच्या आत निघायचं, मोडलं तर स्वतःच दुरुस्त करायचं. पैसा फारसा मिळाला नाही आणि १९२३च्या सुमारास त्याने गाशा गुंडाळला. सवय मात्र राहिली.

पुढची काही वर्षं इकडेतिकडे गेली, रंगीत फिल्मच्या धंद्यातही तो होता. १९३८च्या शेवटी ब्रिटिश गुप्तहेर खात्याने त्याला शोधून काढलं. जर्मनीचे तळ आणि कारखाने यांचे वरून फोटो हवे होते, तेही युद्ध सुरू नसताना. त्यासाठी लॉकहीड १२ हे अमेरिकन बनावटीचं दोन इंजिनांचं प्रवासी विमान घेतलं. कॉटनने त्याच्या पोटात भोकं पाडून कॅमेरे बसवले, वर सरकती झाकणं लावली. झाकण बंद असताना बघणाऱ्याला काही कळायचं नाही. उंचावर थंडीने भिंगावर धुकं धरतं, म्हणून केबिनची गरम हवा कॅमेऱ्यांवरून जाईल अशी सोय केली. जादा टाक्या बसवून पल्ला दुपटीहून वाढवला. वैमानिकाला मान बाहेर काढून थेट खाली बघता यावं म्हणून बाजूच्या काचेला थेंबासारखा फुगा दिला. ही खिडकी पुढे ब्रिटिश विमानांवर सर्रास आली.

रंगाची गोष्ट तर आपल्याकडची आहे. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचं फिकट हिरवट विमान उडालं आणि बघता बघता आकाशात विरून गेलं, ते कॉटनने पाहिलं असं सांगतात. त्याने आपल्या विमानालाही तोच रंग फासला. १९३९च्या उन्हाळ्यात फ्रँकफर्टच्या हवाई मेळ्यात जर्मन सेनानी केसलरिंगला त्याने याच विमानातून फिरवलं, सुकाणूही हातात दिलं आणि खाली कॅमेरे चालूच होते. किस्सा खुद्द कॉटननेच सांगितलेला असल्याने त्यात मीठमसाला किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

युद्ध लागल्यावर हवाई दलाने फोटो काढणारी तुकडी त्याच्या हाती दिली. त्याने आग्रह धरून स्पिटफायर मिळवली आणि त्यांच्या तोफा काढून टाकल्या. फटी बुजवल्या, अंग घासून गुळगुळीत केलं, पंखात कॅमेरे ठेवले. लढायचं नाही, फोटो काढून शत्रू पोचायच्या आत पळायचं. १८ नोव्हेंबर १९३९ला अशा विमानाने जर्मनीवर पहिली फेरी मारली. ही पद्धत पुढे साऱ्या जगाने उचलली. कॉटनचं मात्र साहेबलोकांशी पटेना. फ्रान्स पडत असताना एका बड्या फ्रेंच उद्योगपतीला पैसे घेऊन विमानातून आणायला निघाल्याचा ठपका आला आणि जून १९४०मध्ये तुकडी त्याच्या हातून गेली. १९४१मध्ये एक किताब देऊन त्याला वाटेला लावलं. हा अपमान त्याच्या मनातून गेला नाही.

असा माणूस १९४८मध्ये हैदराबादला आला, त्यात नवल वाटायला नको. जैसे थे करार झाला होता, पण निझाम विलीन व्हायला तयार नव्हता. संस्थानला समुद्र नाही, चहूबाजूंनी भारत, नाकेबंदी लागलेली. फौजेला शस्त्रं हवी होती आणि ती येण्याचा एकच रस्ता उरला होता, आकाशाचा.

कॉटनने निवडलं लँकॅस्ट्रियन. जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या लँकॅस्टरचंच हे प्रवासी रूप. पुढचे-मागचे बंदुकांचे घुमट काढून तिथे निमुळतं नाक-शेपूट बसवलेलं, जादा टाक्या घातलेल्या. बंदुका काढलेलं हे विमान आता बंदुकाच वाहणार होतं. चार मर्लिन इंजिनं, पल्ला सहा हजार किलोमीटरच्या वर. कराची ते बिदर अंतर साधारण तेराशे किलोमीटर, म्हणजे जायला चार तास, यायला चार. बिदरला थेंबभर इंधन न घेता परत फिरता येतं, आणि अंधार पडल्यावर निघून उजाडायच्या सुमारास परत पोचता येतं. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती काठियावाड, नगर, बीडच्या डोक्यावरून जाते. भारतीय हवाई दलाकडे टेम्पेस्ट लढाऊ विमानं होती, पण अंधारात शत्रूचं विमान हुडकणारं रडार त्यांच्यात नव्हतं. दिल्लीला सगळं कळत होतं, लंडनकडे तक्रारीही गेल्या. पण रात्री वर जाऊन अडवणार कोण? खाली धावपट्टीच्या कडेला दिवे लावायचे, विमान उतरलं की पेट्या काढायच्या आणि ते परत पाठवायचं. न्यूफाउंडलंडच्या बर्फावर शिकलेलं सगळं इथे कामाला आलं.

कॉटनच्या मते तो एका कोंडीत सापडलेल्या राज्याला मदत करत होता. नाकेबंदीचा त्रास सामान्य माणसालाही झाला हे खोटं नाही. पण त्याच मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांनी माणसं कापली होती. रझाकार आणि सरकार यांच्यातली रेघ तोवर पुसट झाली होती, आणि उतरलेल्या बंदुका पुढे कुणाच्या खांद्यावर जातील याची हमी विमानवाला देऊ शकत नव्हता. त्याने विचारलंही नसावं.

या शस्त्रांनी लढाईचा निकाल काही बदलला नाही. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौजा नळदुर्ग, उमरगा मार्गे आत घुसल्या. टेम्पेस्टनी दिवसाउजेडी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले आणि कॉटनची वाट बंद झाली. १७ तारखेला निझामाने शस्त्रं ठेवली. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत सूड उगवला गेला. रझाकारांशी काही संबंध नसलेली हजारो गरीब मुसलमान माणसं त्यात मेली, हे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवलं आहे. कॉटन तोवर दूर निघून गेला होता. इंग्लंडच्या कोर्टात त्याला शिक्षा झाली ती २०० पाउंड दंडाची.

पुढची वीस वर्षं धंदे आणि खटपटींत गेली. काही जण त्याच्यात जेम्स बाँडचं मूळ शोधतात, पण तसे दावे बऱ्याच जणांबद्दल होतात. १३ फेब्रुवारी १९६९ला इंग्लंडमध्ये तो वारला. अस्थी क्वीन्सलंडला नेल्या.

बिदरची धावपट्टी आज भारतीय हवाई दलाकडे आहे, सूर्यकिरण पथकाची विमानं तिथूनच उडतात. आणि कॉटनचं नाव कोर्टात पुन्हा एकदा निघालं ते लंडनमध्ये. २० सप्टेंबर १९४८ला, म्हणजे संस्थान पडल्यावर तीन दिवसांनी, निझामाच्या खात्यातले १० लाख ७ हजार ९४० पाउंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावे वळवले गेले होते. हा पैसा कॉटनच्या विमानांनी आणलेल्या शस्त्रांपोटी होता, असं पाकिस्तानचं म्हणणं. न्यायाधीशाला ते पटलं नाही. २ ऑक्टोबर २०१९ला निकाल भारत आणि निझामाच्या वारसांच्या बाजूने लागला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पाउंडांवर गेली होती आणि कॉटनला जाऊन ५० वर्षं झाली होती.