धुराडी झाडणारा पहिला विजेता

सायकल शर्यतींच्या इतिहासात मोरीस गारँ याचे नाव दोनदा ठळकपणे येते; एकदा मानाने, एकदा कलंकाने.

३ मार्च १८७१ रोजी इटलीच्या आओस्ता खोऱ्यातील आर्व्हिए या गावी त्याचा जन्म झाला. कुटुंब गरीब. पोटासाठी ते फ्रान्सला आले आणि कोवळ्या वयातच मोरीस घरांची धुराडी झाडू लागला. पुढे उत्तर फ्रान्समधील मोबज येथे त्याने सायकल घेतली. बेताची उंची आणि काटक बांधा यांमुळे तो मोठा शर्यतपटू होईल असे कोणास वाटले नसावे. १८९३ साली एका शर्यतीत केवळ व्यावसायिकांनाच प्रवेश असल्याने त्याला मनाई झाली. शर्यत सुटल्यावर तो मागून निघाला आणि सर्वांना गाठून पुढे गेला. आयोजकांनी बक्षीस नाकारले. तेव्हा प्रेक्षकांनीच वर्गणी काढली आणि ती बक्षिसाहून मोठी भरली, असे सांगतात.

त्यानंतर तो याच धंद्यावर जगू लागला. १८९७ व १८९८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने पॅरिस-रूबे शर्यत जिंकली. १९०१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याचे सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर त्याने ५२ तासांत कापले. झोपेवर मात करणे हे त्याचे खरे बळ होते.

१ जुलै १९०३ रोजी पहिली ‘तूर द फ्रान्स’ सुटली. आंरी देग्रांज या संपादकाला आपल्या ‘लोतो’ या क्रीडा-दैनिकाचा खप वाढवायचा होता. सहा टप्पे, एकूण २,४२८ किलोमीटर. पॅरिस ते लियाँ हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा. कच्चे रस्ते, जड सायकली आणि रात्रभर चालणारी दौड. साठ जण निघाले, एकवीस पोहोचले. गारँ दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाच्या जवळपास तीन तास आधी आला. इतक्या फरकाची बरोबरी आजवर कोणी केलेली नाही.

पुढच्या वर्षी मात्र सारेच बिघडले. सेंत-एत्येन्नजवळ स्थानिक स्पर्धकाच्या समर्थकांनी अंधारात वाट अडवून गारँ व इतरांवर लाठ्या-दगड चालवले. नीमजवळही जमाव उसळला. गारँ पुन्हा पहिला आला, पण डिसेंबरमध्ये फ्रेंच सायकल संघाने पहिल्या चौघांना बाद केले आणि विजेतेपद विशीही न गाठलेल्या आंरी कॉर्नेला दिले. गारँवर दोन वर्षांची बंदी आली. नियमबाह्य मदत घेणे, वाहनाचा आधार घेणे असे आरोप त्या वर्षी अनेकांवर होते. रात्रीच्या निर्जन रस्त्यावर मूठभर पंचांच्या भरवशावर शर्यत सोडणाऱ्या आयोजकांचा दोषही लहान नव्हता. शिक्षा मात्र सायकलस्वारांनाच झाली.

१९११ साली, चाळिशीत, तो पॅरिस-ब्रेस्टला पुन्हा उतरला व दहावा आला. बाकीचे आयुष्य त्याने लांस या खाणनगरीत गॅरेज चालवून काढले. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, तो तेथेच वारला.