पाण्याचा हिशेब करणारे विश्वेश्वरय्या

नागपूरच्या धंतोली भागाच्या कडेने नाग नदी वाहते. एरवी ती एखाद्या ओढ्यासारखी दिसते. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूर येण्याआधीच पुराचा विचार कसा करावा, हे ज्यांनी आपल्या कामातून दाखवले, त्या थोर अभियंत्याची आज ओळख करून घेऊ. त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नागपूरची एक मोठी अभियांत्रिकी संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

विश्वेश्वरय्या मूळचे कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी या खेड्याचे. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. घरची गरिबी होती. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला शिक्षण घेतले. पुढे शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. 1883 मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. दुसऱ्या वर्षी त्यांना मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. नाशिक, खानदेश, पुणे आणि सिंधमधील सक्खर येथे त्यांनी काम केले.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणासाठी त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीपेक्षा वर चढले, की दरवाजे आपोआप उघडत. पूर ओसरला, की ते पुन्हा बंद होत. त्यामुळे धरणात जास्त पाणी साठवता येऊ लागले आणि भिंतीवरचा धोकाही टळू लागला.

आता 1908 सालची गोष्ट ऐका. 28 सप्टेंबर रोजी हैदराबादच्या मुसी नदीला महापूर आला. हजारो घरे वाहून गेली. सुमारे 15,000 माणसे दगावली, असा अंदाज आहे. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे सांगतात. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. तेव्हा ते परदेशात होते. तेथून परतल्यावर 1909 मध्ये त्यांनी हे काम हाती घेतले.

त्यांनी केवळ शहरातली पडझड पाहिली नाही. ते नदीच्या वरच्या भागाकडे वळले. किती पाऊस पडला, पाणी कोठून आले, वाटेत किती तलाव होते, हे त्यांनी तपासले. तेव्हा कळले, की नदीच्या खोऱ्यात लहान लहान तलाव शेकड्यांनी होते आणि त्यांतले कितीतरी फुटले होते. एक तलाव फुटला, की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे. मग तोही फुटे. पाऊस हे एक संकट होते. कमकुवत बांध हे दुसरे. दोन्ही एकत्र आली, म्हणून एवढा अनर्थ झाला.

शहराच्या वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, असे त्यांनी सुचवले. त्यातून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर तयार झाले. जे पाणी शहर बुडवत होते, तेच शहराची तहान भागवू लागले.

पुढे ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि 1912 ते 1918 पर्यंत दिवाण होते. कृष्णराजसागर धरणाच्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

त्यांच्या हयातीतच आणखी एक धडा मिळाला. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. ज्या धरणाला विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले होते, तेच हे धरण. दरवाजे नेहमीच्या पुरासाठी होते. वरचे धरण फुटून येणाऱ्या पाण्यासाठी नव्हते. म्हणून एखादी इमारत किंवा धरण सुरक्षित आहे का, हे ठरवताना एकाच संकटाचा विचार पुरत नाही. पूर, वादळ आणि भूकंप यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. एका संकटातून दुसरे कसे निर्माण होईल, हेही पाहावे लागते.

एप्रिल 1962 मध्ये बंगळूर येथे विश्वेश्वरय्यांचे निधन झाले. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून साजरा होतो. मित्रांनो, तुमच्या गावातली नदी किंवा नाला कोठून येतो, त्याच्या वरच्या बाजूला काय आहे, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? नसेल, तर या पावसाळ्यापूर्वी मोठ्या माणसांबरोबर जाऊन जरूर पाहा.

स्वाध्याय
1. खडकवासला धरणाचे दरवाजे कसे काम करत?
2. मुसी नदीचा पूर एवढा भयंकर का झाला?
3. ‘हाहाकार उडणे’ हा वाक्प्रचार वापरून वाक्य तयार करा.