जलरंगाला घाबरणाऱ्या मुलांसाठी : चित्रकार सा. ल. हळदणकर



चित्रकलेच्या तासाला एक गोष्ट तुम्हीही नक्की पाहिली असेल. पेन्सिलीने सुंदर चित्र काढणारं मूल रंगाची पेटी उघडायची वेळ आली की थबकतं. चित्र बिघडेल, रंग पसरेल, खोडता येणार नाही, ही धास्ती मनात असते. खडूने रंगवू का, असं हळूच विचारतं. घरीही तेच. चादरीला डाग पडेल म्हणून आई ब्रश काढून घेते आणि मूल मनात धरतं की जलरंग म्हणजे काहीतरी अवघड, आपल्या आवाक्याबाहेरचं. पाचवी-सहावीत थांबलेली अशी मुलं पुढे कधी ब्रश हातात घेत नाहीत. म्हणून आज अशा एका चित्रकाराची ओळख करून घेऊ, ज्यांनी याच न खोडता येणाऱ्या माध्यमात आपलं सर्वांत गाजलेलं चित्र रंगवलं. त्यांचं नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

सावंतवाडीचा मुलगा

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडी येथे झाला. त्या काळी सावंतवाडी हे संस्थान होतं. लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा यांसाठी हे गाव आजही ओळखलं जातं. गावाच्या मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा, भोवती हिरवेगार डोंगर आणि चार महिने कोसळणारा पाऊस. ज्याला पाण्यात रंग मिसळून चित्र काढायचं आहे, त्याला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार!

आता पुढची गोष्ट आपण शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावी अशी आहे. या मुलाचा हात चांगला आहे हे शाळेत मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. कौतुकाने पाठ थोपटून ते थांबले नाहीत, त्यांनी पुढे शिफारस केली. संस्थानाकडून शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०३ साली हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा त्यांनी विशी गाठली होती. कोकणात रेल्वे नव्हती. मुंबई गाठायची तर किनाऱ्यावरच्या बंदरातून आगबोट पकडायची, नाहीतर घाट चढून जायचं. अशा वेळी चित्रं काढायला मुलगा मुंबईला पाठवणं ही घरच्यांसाठी साधी गोष्ट नव्हती. शाळेने शब्द टाकला नसता तर हा हात कदाचित सावंतवाडीतच राहिला असता. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल आपण पालकांशी बोलतो ना, त्या चार वाक्यांचं मोल एवढं असू शकतं.

जे. जे.मधले दिवस

जे. जे. स्कूलची स्थापना १८५७ सालची. हळदणकर तिथे गेले तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते. महादेव विश्वनाथ धुरंधर आणि गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद यांच्यासारखे जाणकार चित्रकार तिथे शिकवत होते. आधी रेखाटनावर भर. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छाया-प्रकाश उतरवायचा, मग माणूस समोर बसवून. वर्षानुवर्षं हा सराव चालायचा. जलरंगात सहज वाटणारा ब्रशचा एक फटकारा असतो ना, त्याच्या मागे हा न दिसणारा सराव असतो. हे मुलांना जरूर सांगा. नाहीतर मोठ्यांची चित्रं पाहून त्यांना वाटतं की हे देवाने दिलेलं असतं, आपल्याला जमायचं नाही.

स्वतः शिक्षक झाले

१९०८ साली हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था सुरू केली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. मुंबईला येऊन अवघी पाच वर्षं झाली होती. स्वतःची चित्रं रंगवायची आणि दुसऱ्यांना शिकवायचं, ही दोन्ही कामं त्यांनी बरोबरीने केली. १९१८ साली मुंबईत आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रं, तैलरंग, जलरंग, सगळीकडे त्यांचा हात चालायचा. प्रदर्शनांतून पारितोषिकंही मिळाली. त्यांचा मुलगा गजानन हाही पुढे चित्रकार झाला. ३० मे १९६८ रोजी हळदणकरांचं निधन झालं.

दिवा घेतलेली मुलगी

त्यांचं एक चित्र तुम्ही बहुतेक पाहिलेलं आहे. कॅलेंडरवर, एखाद्याच्या दिवाणखान्यात, किंवा दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये. अंधारात एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला धरला आहे. बोटांमधून उजेड आरपार येतो, बोटं आतून लालसर दिसतात. चेहऱ्यावर सोनेरी प्रकाश आणि मागे भिंतीवर सावली. हे चित्र म्हणजे 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात ते ठेवलेलं आहे. चित्रातली तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीत तिला दिवा घेऊन उभी असलेली पाहून वडिलांना चित्र सुचलं, असं सांगितलं जातं.

गंमत म्हणजे अनेक लोक हे चित्र राजा रविवर्म्यांचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच गेले आणि त्यांचं बहुतेक नावाजलेलं काम तैलरंगातलं आहे. हे चित्र आहे कागदावरचं, जलरंगातलं! चित्र सगळ्यांना माहीत आणि चित्रकार कुणालाच माहीत नाही, असं हळदणकरांच्या बाबतीत झालं. निदान आपल्या विद्यार्थ्यांना तरी त्यांचं नाव माहीत असू द्या.

आता यातली खरी कठीण गोष्ट बघा. तैलरंगात आधी सगळा अंधार रंगवून शेवटी ज्योत ठेवता येते. फिकट रंग गडद रंगावर बसतो. पारदर्शक जलरंगात तसं नाही. तिथे उजेड म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. तो पहिल्यापासून राखावा लागतो. एकदा का ज्योतीच्या जागी गडद रंग गेला की ती जागा पुन्हा तशी उजळत नाही. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून रात्रीचा गडद अंधार हवा असेल तर थरावर थर द्यावे लागतात, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. चूक झाकता येत नाही अशा माध्यमातही काम निर्दोष होऊ शकतं हे दाखवण्यासाठीच त्यांनी जलरंग निवडला, असं म्हणतात. कारण काहीही असो, चित्र आपल्यासमोर आहे. ज्योत कुठे असणार हे ब्रश ओला करायच्या आधीच त्यांनी ठरवलेलं असणार, नाहीतर असं चित्र होत नाही.

मग आपण वर्गात काय करायचं?

हळदणकरांची गोष्ट सांगून झाली की मुलांना लगेच चित्र रंगवायला सांगू नका. चित्राचीच भीती असते, रंगाची नसते. पहिले दोन-तीन तास नुसतं पाणी आणि रंग यांची ओळख होऊ द्या.

१. कागद जरा जाड घ्या. साध्या वहीचा कागद पाणी पिऊन फुगतो, त्याचे कण निघतात आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. २०० जीएसएमच्या पुढचा कागद बरा. महाग वाटला तर एका कागदाचे चार तुकडे करा. लहान कागदावर भीतीही लहान होते.

२. पाण्याची दोन भांडी ठेवा. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंग कालवायला. शेजारी जुनी सुती चिंधी हवीच.

३. पहिला धडा एकाच रंगाचा. पॅड किंचित तिरपा ठेवून वरून खाली सपाट रंग द्यायचा. मग वर गडद आणि खाली पाणी वाढवत फिका. हे झालं की आभाळ तयार!

४. फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि पांढरं हवं ती जागा आधीच सोडायची. रंगवण्यापूर्वी मुलाला विचारा की या चित्रात उजेड कुठे आहे? तिथे पेन्सिलीने हलकी खूण करू द्या. म्हैसूरच्या त्या चित्राचा सगळा धडा या एका प्रश्नात आहे.

५. थांबायला शिकवा. ओल्या रंगाला पुन्हा पुन्हा घासलं की चिखल होतो. हात शिवशिवत असतील तर दुसरा कागद पुढे द्या.

६. डाग पडला तर ओरडू नका. रंग ओला असताना चिंधीने टिपला की बराचसा निघतो. काही डाग तसेच ठेवून त्यांचा ढग, झाड किंवा दगड करता येतो. मुलांना हा खेळ फार आवडतो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी मुलं मार्कांच्या धास्तीने जलरंग टाळतात. त्यांच्यासाठी तर हा सराव फारच उपयोगी आहे. वस्तुचित्र असो की स्थिरचित्र, तांब्यावरची चकाकी पांढरा रंग फासून आणण्यापेक्षा कागद राखून आणली की जास्त खरी वाटते.

पालकांनाही एक विनंती. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि निदान आठवड्यातून एकदा तासभर मुलाला मोकळं सोडा. चित्र कसं झालं यापेक्षा आज काय नवं सापडलं ते विचारा. सुरुवातीचे कागद फेकू नका, त्यावर तारीख घालून ठेवा. तीन महिन्यांनी पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवला की मूल स्वतःच समजून घेईल.

आणि ज्या मुलाचा हात खरोखर चालतो, त्याचं नाव मनात ठेवून गप्प बसू नका. पालकसभेत बोला, स्पर्धेचा फॉर्म भरायला लावा, जवळच्या कलाशिक्षकांकडे पाठवा. १९०३ साली सावंतवाडीच्या एका मुख्याध्यापकांनी हेच केलं होतं.